संत यॉर्गनचा माळ

१४ मार्च

ओर्नेविगला येऊन पोचले. सामान अजून खोक्यांत आहे. केटली, एक कप आणि ही वही एवढंच बाहेर काढलंय. घर सायकलदुरुस्तीच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर. खालून रबराचा वास येतो, कुणीतरी सारखं चाक गरगर फिरवून बघत असतं, आणि ओट्याशी उभं राहिलं की खाडी दिसते. आज ती पत्र्यासारखी सपाट होती. मला घर आवडलं.

घरमालक क्येल्ड जिन्यात भेटले. म्हणाले, वर राहणाऱ्याला एकच नियम, सायकल पंक्चर झाली तर दुसऱ्याच्या दुकानात न्यायची नाही. मी म्हटलं, माझ्याकडे सायकलच नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मला पायच नाहीत असं मी म्हणाले होते.

सोमवारी आरोग्यकेंद्रात रुजू व्हायचं. काम नेहमीचंच, हातांचं. मोडलेली बोटं, शिवलेल्या नसा, बधिर पडलेले तळवे पुन्हा कामाला लावायचे. घटस्फोटानंतर ओल्बोर्ग सोडायचं ठरवलं तेव्हा अशी नोकरी चार गावांत मिळत होती. हेच गाव का, ते मारेनला सांगितलेलं नाही. मारेन माझी धाकटी बहीण. इथे खाडीच्या काठी हौशी लोकांनी चौदाव्या शतकातलं एक आख्खं गाव उभं केलंय, आणि मी त्यासाठी आले, हे तिला कळलं तर ती फोन ठेवूनच देईल. तिचं म्हणणं असं की हे नाटक असेल तर पगार मिळायला हवा, आणि धर्म असेल तर निदान सुट्टी तरी.

१९ मार्च

जुन्या गावात जाऊन आले. इथले लोक त्याला नुसतं ‘जुनं गाव’ म्हणतात. गवताची छपरं, एक लोहारशाळा, एक भटारखाना, लाकडी चर्च, आणि मधून वाहणारा ओढा. सगळं मंडळातल्या माणसांनी रविवारी रविवारी येऊन बांधलेलं.

मंडळाचा प्रमुख ट्रोल्स. जहाजावर इंजिनियर होता, आता निवृत्त होऊन खिळे ठोकतो, म्हणजे आधी स्वतः बनवतो आणि मग ठोकतो. भटारखाना विबेकेकडे. ही बाई गावातल्या खऱ्या बेकरीतही पाव भाजते आणि सुट्टीच्या दिवशी इथे येऊन पुन्हा पाव भाजते. तिने माझं नाव विचारायच्या आधी मी घालून गेलेल्या जुन्या काळच्या पोशाखाची बाही उलटी करून आतली शिवण पाहिली. मशीनचा एकही टाका सापडला नाही तेव्हा म्हणाली, चला, ही राहू शकते. ट्रोल्स म्हणाला, घाबरू नकोस, विबेके देवदूतांचे पंखसुद्धा उलटे करून बघेल.

तिसरे एस्किल. सत्तरी ओलांडलेले, उंच, थोडे वाकलेले. चर्चमधले पाद्री तेच होतात. आणि ते खरोखरचेच पाद्री, या गावाचे, पाच वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. मी म्हटलं, म्हणजे तुम्ही आता पाद्री असल्याचं सोंग करता. ते म्हणाले, मी आयुष्यभर तेच करत होतो, फक्त आता कपडे जास्त चांगले आहेत.

बऱ्याच दिवसांनी हसले. चेहऱ्याचे स्नायू दुखले.

२ एप्रिल

आज दुपारी अभ्यासाची बैठक होती. वर्षातून दोनदा प्रत्येकाने आपण काय शोधलं, काय बनवलं ते सगळ्यांसमोर मांडायचं. ट्रोल्सने वेगवेगळ्या लोखंडाचे खिळे पाण्यात ठेवून किती गंजले ते दाखवलं. त्यात तो इतका रमला की विबेकेने शेवटी त्याच्या तोंडात पावाचा तुकडा कोंबला. तो तिचा अभ्यास होता. सातूचा पाव, दळताना जात्याची कच कशी येते आणि दात कसे झिजतात त्याबद्दल. ट्रोल्सचा दात खरंच दुखला, त्यामुळे तिचा मुद्दा सिद्ध झाला.

मग मी. दहा वर्षं मी एकाच गोष्टीमागे आहे, त्या काळातली महारोग्यांची घरं. लोकांना वाटतं, त्यांना हाकलून द्यायचे, दगड मारायचे. तसं सगळीकडे नव्हतं. गावाबाहेर त्यांच्यासाठी घरं असत, फळबाग असे, गरम जेवण असे, प्रार्थनेला स्वतःचं छोटं चर्च असे. मी शिवलेला राखी लोकरीचा झगा दाखवला, टोपी, हातमोजे, लाकडी वाडगा. आणि चिपळ्यांसारखं वाजवायचं लाकूड. ते लोकांना पळवायला नसे, भीक मागायला असे, कारण रोगाने आवाज बसलेला असायचा. बोलताना माझा आवाज थरथरत नव्हता, याचं मला नवल वाटलं. ओल्बोर्गच्या मंडळात पाचव्या मिनिटाला लोक कॉफी आणायला उठायचे. इथे कुणी उठलं नाही.

विबेके म्हणाली, झगा सुंदर आहे, पण घालून उभं कोण राहणार? मी म्हटलं, मीच. ट्रोल्स म्हणाला, मग तुला घर पाहिजे. ओढ्यापलीकडे जो माळ आहे त्याला म्हातारी माणसं अजून संत यॉर्गनचा माळ म्हणतात. संत यॉर्गन म्हणजे महारोग्यांचा वाली. या देशात जिथे जिथे ते नाव आहे तिथे तिथे त्यांचं घर होतं. आता तिथे मेंढ्या चरतात.

२८ मे

झोपडी झाली. कुडाच्या भिंती मी आणि विबेकेने लिंपल्या. शेणमातीत हात घालायला तिला मजा येते. म्हणते, पिठापेक्षा हे ऐकणारं आहे. आत एक भिंतीला लागून बाक, एक चूल, एक छोटी खिडकी, ती ओढ्याकडे उघडते. दार ठेंगणं. वाकूनच आत जावं लागतं.

संध्याकाळी सगळ्यांनी माळावर बसून वाटाण्याचं सूप खाल्लं. मारेनचा फोन आला तेव्हा मी तिला सांगूनच टाकलं, मी इथे का आले ते. तिने फोन ठेवला नाही. म्हणाली, तुझा आवाज बरा वाटतोय गं.

११ जून

जुन्या गावात जुलैत बाजार भरतो, त्यात काय काय दाखवायचं त्यावर आज वाद झाला.

जुन्या पोथ्यांत एक विधी आहे. एखाद्याला महारोग झाला असं ठरलं की पाद्री त्याला चर्चमध्ये काळ्या कापडाखाली गुडघ्यावर बसवायचा, मेलेल्या माणसाची प्रार्थना म्हणायचा, मग उथळ खड्ड्यात उभं करून त्याच्या पायांवर फावड्याने माती टाकायचा. आणि सांगायचा की तू आता जगासाठी मेलास. बाजारात, गिरणीत, भटारखान्यात पाऊल टाकायचं नाही. ओढ्यात हात धुवायचे नाहीत. विकत घ्यायचं ते काठीने दाखवायचं. आणि तुझ्यासारख्यांखेरीज कुणाबरोबर जेवायचं नाही. हा विधी प्रत्यक्षात किती वेळा झाला याबद्दल अभ्यासकांनाही खात्री नाही. मला तो करून बघायचा होता.

एस्किल नाही म्हणाले. विबेके त्यांना चिडवायला लागली, की अहो, लग्नं लावता इथे, खोट्या बाळांचे बाप्तिस्मे करता, मागच्या वर्षी माझ्या बोकडाला आशीर्वाद दिलात, आणि आता काय झालं. एस्किल म्हणाले, तुझा बोकड मेला नाही ना त्याने. मग हळू म्हणाले, ही प्रार्थना मी शेकडो कबरींवर म्हटलीय. माझ्या जिभेला ती खोटी म्हणता येत नाही.

सगळे गेल्यावर मी त्यांना गाठलं. दहा वर्षांचा अभ्यास आहे, म्हटलं. मला त्या माणसाच्या जागी उभं राहून बघायचंय. तुम्ही म्हणाल तरच त्याला अर्थ आहे. त्यांनी मला विचारलं, हे उलटं फिरवायचं कसं असतं? मी म्हटलं, पोथीत तसं काही नाही, पण आपण नंतर कॉफी पिऊ की. ते बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले. शेवटी हो म्हणाले. माझ्यासाठी.

५ जुलै

झालं. बाजाराचा दिवस, ऊन, माणसांची झुंबड. आइस्क्रीम खाणारी मुलं चर्चच्या दाराशी दाटीवाटीने बसली होती.

काळ्या कापडाखाली वितळलेल्या मेणाचा आणि माझ्याच श्वासाचा वास. एस्किलचा आवाज मला माहीत होता तो नव्हता. तो उंच नव्हता, नाटकी नव्हता. दवाखान्यात डॉक्टर वाईट बातमी सांगताना बोलतात तसा, थकलेला आणि नीट. कापडाबाहेरची कुजबुज बंद झाली. मग मला माळावर नेलं. ट्रोल्सने खणलेल्या खड्ड्यात मी उभी राहिले, आणि एस्किलनी माझ्या पायांवर माती टाकली. एकदा, दोनदा, तीनदा. ओली माती, जड. माझे पाय जमिनीतच राहिले असं वाटलं. त्यांनी मनाई केलेल्या गोष्टी एकेक सांगितल्या, आणि शेवटी म्हणाले, जगासाठी तू मेलीस.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. एक बाई रडत होती, तिची मला ओळख नव्हती.

नंतर कॉफी झाली नाही. गर्दीत सगळे आपापल्या कामाला लागले. मी झगा घडी करून झोपडीत ठेवला आणि घरी आले. अंघोळ केली. पायांना पाणी गरम आहे की गार ते कळलं नाही. दमले असेन.

७ जुलै

तळवे अजून बधिर आहेत. दोन्ही पायांचे, घोट्यापर्यंत, जिथवर माती होती तिथवर. आरोग्यकेंद्रात जाड-बारीक नायलॉनचे धागे असतात, रुग्णाच्या कातडीला टेकवून कळतंय का विचारतो. दार लावून स्वतःवर करून पाहिलं. सगळ्यात जाड धाग्यालाही काही नाही. धागा वाकला तेवढा दिसला.

विबेकेच्या बेकरीत पाव घ्यायला गेले. मी दारात होते, आत पाऊल टाकायच्या आधीच ती बाहेर आली, कागदात गुंडाळलेला पाव खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि परत गेली. माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, सोंग अजून चाललंय. हसून म्हटलं, आता पुरे गं. तिने आतून काच पुसली.

१० जुलै

जिल्ह्याच्या इस्पितळात जाऊन आले. नसांची तपासणी झाली, कातडीचा तुकडा काढून लगेच तपासला. डॉक्टरणीने स्वच्छ सांगितलं, महारोग नाही, नसा ठीक आहेत, काहीच नाही. ती माझ्याशी बोलताना खिडकीकडे बघत होती. निघताना तिने माझ्याऐवजी पुढच्या रुग्णाशी हात मिळवला.

आता बोटांची टोकं.

१३ जुलै

कामावर माझ्या वेळेचे सगळे रुग्ण लोनेकडे गेलेत. लोने माझ्या शेजारच्या खोलीत बसते. तिला विचारायला गेले तर ती माझ्या कपाटातला कप, शाल, झाडाची कुंडी एका खोक्यात भरत होती. हळूच भरत होती, एखाद्याच्या वस्तू जपून भराव्यात तशी. मी दारात उभी राहून म्हटलं, लोने, मी इथे आहे. तिने वर पाहिलं. माझ्या अंगावरून तिची नजर गेली, थांबली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने डोळे पुसले आणि चिकटपट्टी फाडली.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी ते रुग्णाच्या कागदावर लिहावं तसं मनात लिहून ठेवलं.

१६ जुलै

जुन्या गावात गेले, स्पष्ट विचारायला. भटारखान्याच्या उंबऱ्यापाशी पाय थांबले. उचलत नव्हते. आत विबेके कुणा पर्यटकांना माझे हातमोजे दाखवत होती. म्हणाली, हे आमच्या सिद्सेलने शिवले. हात बघा किती बारीक चालायचा तिचा. गेली बिचारी. पर्यटकाने विचारलं, कशाने. विबेके थोडी थांबली, जसं काही आठवत नाहीये, आणि म्हणाली, उन्हाळ्यात गेली.

ती थट्टा नव्हती. थट्टा करताना तिचा डावा गाल वर जातो, तो गेला नाही.

मी ओढ्यावर वाकले, तोंडावर पाणी मारायला. हात पाण्यापर्यंत गेले नाहीत.

१९ जुलै

मारेन आली. मी तिला किती फोन केले होते, एकही लागला नव्हता. ती क्येल्डकडून किल्ली घेऊन वर आली, दार उघडलं, आणि मी समोर खुर्चीत होते.

ती रडत नव्हती. तिने कपाटातून माझे कपडे बाहेर काढले आणि पलंगावर घड्या घालायला लागली. थोड्या वेळाने मी उठून दुसऱ्या बाजूला उभी राहिले, चादरीचं एक टोक धरलं. लहानपणी आई आम्हाला अशीच समोरासमोर उभी करायची. आम्ही दोघींनी चादर ओढली, जुळवली, घडी केली. तिने माझ्या हातातून ती घेतली आणि पिशवीत ठेवली. कुठून आली हे पाहिलं नाही. मग ती हुंदके द्यायला लागली, आणि म्हणाली, सिद्सेल, मी यायला हवं होतं गं आधी. मी म्हटलं, आलीस ना. म्हटलं, मारेन.

तिने ही वही पाहिली नाही. ती मी काखेत धरली होती.

क्येल्डनी खोलीला नवं कुलूप लावलं. त्यांनी जिन्यात टोपी काढली होती.

२० जुलै

झोपडीत राहायला आले. दुसरं कुठे पाऊल जात नाही. इथे जातं. झगा घातला. उबदार आहे की नाही ते सांगता येत नाही, पण अंगावर आहे.

कुणीतरी ओढ्यातल्या दगडावर वाडग्यात सूप ठेवून गेलं. विबेके असेल. तिला कळत नसेल ती का ठेवते. लोक कबरीवर फुलं ठेवतात तसं.

२२ जुलै

एस्किल आले. एकट्या त्यांनाच मी दिसते. ते म्हणाले की तेही नीट नाही, धुक्यातून दिसावं तशी. ओढ्याच्या पलीकडेच उभे राहिले, पाय पुढे येईनात. म्हणाले, गावात मी वेड्यासारखा सांगत फिरतोय, ती आहे, माळावर आहे, तर लोक माझ्या खांद्यावर हात ठेवतात. ट्रोल्सने त्यांना डॉक्टरकडे नेलं.

म्हणाले, मीच हे बोललो, मीच ते परत घेईन. कसं ते अजून माहीत नाही. मी त्यांना सांगितलं, घाई नाही. मला खरंच घाई वाटत नव्हती. त्यावर ते घाबरले. जा, म्हणाले, चुलीत हात धरून बघ, ओरडावंसं वाटतंय का. मी धरून पाहिला. नंतर फोड आलेले दिसले.

२५ जुलै

इथे मी एकटी नाही.

भिंतीकडे तोंड करून बाकावर एक बाई बसते. राखी झगा, माझ्यासारखाच, पण जुना, पिंजलेला. आले त्या दिवशीही होती बहुतेक. मी तिला भिंतीचा भाग समजले.

घाबरले नाही. तिला जागा करून दिली.

तुझ्यासारख्यांखेरीज कुणाबरोबर जेवायचं नाही. वाडगा मध्ये ठेवला. ती जेवली.

२७ जुलै

तिची बोटं झडलेली होती. परवा पाहिलं तेव्हा तरी एकही नव्हतं. आज डाव्या हाताला चार आहेत.

माझे हात मनगटापर्यंत गेले. म्हणजे आहेत, पण गेले. पेन चिंधीने बांधून लिहितेय.

३० जुलै

सूप गरम होतं. मला कळलं नाही. तिने ओठ लावले आणि झटकन मागे घेतले. भाजलं तिला.

अठरा वर्षं मी हेच बघत आले. बधिर हातात जाण परत येते तेव्हा माणूस आधी दुखतंय म्हणून कुरकुरतो, मग बोटं हलवून बघतो, मग हसतो. ती बोटं हलवून बघत होती.

जाण येते तेव्हा ती कुठून तरी येते. माझी गुडघ्यांपर्यंत गेलीय. तिच्या गुडघ्यांना डास चावला तर ती खाजवते.

२ ऑगस्ट

बोलते आता. आधी नुसता वारा. आज शब्द. माझेच, मी सकाळी म्हटलेले. मग माझ्या आधी म्हणाली. मी म्हणणार होते ते.

‘सिद्सेल’ असं म्हणाली. मी विचारलं, कोण. हसली. डावा गाल वर — नाही, तो विबेकेचा गाल. तो तिला कुठून —

खिडकीतून ती विबेकेकडे बघत असते. मी झोपते तेव्हा.

५ ऑगस्ट

चेहरा पाहिला. टोपी मागे घेतली तिने. माझा आहे. आरशात दिसायचा त्याहून बरा. गाल भरलेले.

माझ्या गालाला हात लावून पाहिला. हाताला कळत नाही, गालाला कळत नाही. काय आहे तिथे ते सांगता येणार नाही.

एस्किलना सांगायला हवं. येऊ नका म्हणून. ओरडून पाहिलं. आवाज बसलाय. लाकूड वाजवायला घेतलं, बोटांतून पडलं. तिने उचलून फळीवर ठेवलं. नीट, जपून.

७ ऑगस्ट

एस्किल ओढा ओलांडून आले, या वेळी पाय अडले नाहीत. सकाळी, लख्ख उन्हात. चांगले कपडे, पांढरी पट्टी गळ्यात. ट्रोल्स आणि विबेके पलीकडे उभे आहेत. एस्किलनी त्या दोघांना कसं आणलं कोण जाणे. हात धरून आणलं असेल.

दारात वाकले. म्हणाले, पोथ्यांत काही सापडलं नाही, सिद्सेल. सापडायची वाट बघणार नाही. तुला हाताला धरून घरी नेतो, माझ्यासारख्याला तेवढंच येतं.

ते बाकाकडे बघून बोलतायत.

मी कोपऱ्यात आहे. इकडे. मी हलले. त्यांच्या नजरेत काही —

हात पुढे केला त्यांनी. तिने धरला. ते रडायला लागले, म्हणाले, गरम आहे गं, हात गरम आहे तुझा.

मला वाईट — नाही. लिहितेय फक्त. कुणीतरी लिहायला —

उठली. माझ्यासारखी उठते, डाव्या गुडघ्यावर हात ठेवून. दारातून वाकली. बाहेर ऊन. ओढ्यात उतरली, ओंजळीने पाणी तोंडावर मारलं. विबेके ओरडली, अगं कुठे होतीस इतके दिवस, बघ किती वाळलीस, चल आधी पाव खा. ट्रोल्स हसतोय. मारेनला फोन लावा म्हणतायत.

तिने मागे वळून पाहिलं. एकदाच. परत येऊन दार ओढून घेतलं.

बाकावर जागा रिकामी आहे. बसले. भिंतीकडे तोंड करून बसलं की बरं वाटतं, म्हणजे वाटत नाही, पण

पेन सुट